फोर्टात पहिल्यांदा पायी फिरताना

मुंबईत नव्याने आलेल्या माणसाला कुणीतरी सांगतं, "रविवारी फोर्टात फिरून ये." तो जातो, मोठमोठ्या दगडी इमारती बघतो, गेटवेपाशी फोटो काढतो आणि परत येतो. किल्ला मात्र कुठे दिसत नाही, कारण तो उरलेलाच नाही. तट १८६० च्या दशकात पाडला. पण तो कुठून जात होता एवढं एकदा डोक्यात बसलं, की राजधानीचा हा सगळा भाग आपोआप उलगडायला लागतो. कुठले रस्ते वाकडे, कुठले सरळ. मैदानं इथेच का. चर्चपासून इतक्या लांब असलेल्या स्टेशनाला 'चर्चगेट' का म्हणतात. या सगळ्याचं उत्तर त्या न दिसणाऱ्या भिंतीत आहे. म्हणून ही वाट मी त्या भिंतीच्या अंदाजाने आखली आहे. सीएसएमटीपासून गेटवेपर्यंत, मध्ये एक फाटा धरून, साधारण पाच किलोमीटर. रमतगमत चाललात तर चार तास धरा.

निघण्याआधी

भिंतीची गोष्ट थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढे परत परत सांगायला नको. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हर्नर चार्ल्स बूनच्या काळात गावाभोवती तट पुरा केला. त्याला तीन दरवाजे होते: उत्तरेला बाजार गेट, पश्चिमेला चर्च गेट आणि दक्षिणेला अपोलो गेट. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईतल्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला. आता मराठे आपल्यावर येणार, या धास्तीने तटाबाहेर खंदक खणायचं ठरलं, आणि इथल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपये वर्गणी काढली. तटासमोर तोफांच्या माऱ्यासाठी मोठी जागा मोकळी ठेवली होती. तिला एस्प्लनेड म्हणत. आज आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज म्हणून जी चार मैदानं दिसतात, ते त्याच एस्प्लनेडचे तुकडे आहेत. शहरात मैदानं राखली पाहिजेत अशी कुणाला दूरदृष्टी होती असं समजू नका. शत्रू नीट दिसावा म्हणून ती राखली होती.

१८६२ मध्ये बार्टल फ्रियर गव्हर्नर म्हणून आला. तोवर भिंतीचा उपयोग संपला होता आणि आत दाटी झाली होती. त्याच सुमाराला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा मावेना. फ्रियरने तट पाडला, बाहेर सरळ रस्ते आखले आणि त्यांच्या कडेने सरकारी इमारती उभारायची आखणी झाली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, पुष्कळ पेढ्या बुडाल्या. पण इमारतींचे आराखडे झाले होते, त्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत उभ्या राहत गेल्या.

एवढं कळलं की चालताना प्रत्येक नाक्यावर एकच प्रश्न विचारायचा: मी भिंतीच्या आत आहे की बाहेर?

कधी जायचं? ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर सकाळी नऊलाच घामाच्या धारा लागतात. पावसाळ्यात काळा दगड धुऊन निघतो आणि फार देखणा दिसतो, पण छत्री धरून वर बघत चालणं हे ज्याचं त्याने ठरवावं. वार रविवार, वेळ सकाळी सात. हपिसं बंद, रस्ते मोकळे, मध्येच थांबून मान वर केली तरी मागून कुणी धक्का देत नाही. याची एक किंमत आहे: हायकोर्ट, एशियाटिकचं ग्रंथालय अशा ठिकाणी रविवारी आत जाता येत नाही. पहिल्या फेरीत बाहेरून बघा, आतून बघायला नंतर कामाच्या दिवशी या. फोटोंची हौस असेल तर गणित वेगळं. सीएसएमटी, टाउन हॉल, हायकोर्ट, विद्यापीठ या सगळ्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी त्यांच्या पाठीमागून ऊन येतं आणि दर्शनी बाजू सावलीत राहते. त्यांच्यावर ऊन हवं असेल तर दुपारी चारनंतर निघा.

बूट चालायचे घाला, पाणी बरोबर ठेवा, ओळखपत्र खिशात असू द्या. स्वच्छतागृहाची सोय सीएसएमटीला आणि पुढे थेट वस्तुसंग्रहालयात बरी आहे. मधल्या टप्प्यात भरवसा धरू नका.

पहिला टप्पा: बोरीबंदर

लोकल सीएसएमटीला थांबली की लगेच बाहेर पडू नका. उपनगरी गाड्यांच्या तिकीटघरात जा आणि छत बघा. निळ्या छतावर सोनेरी चांदण्या आहेत. खाली पास काढायची रांग, कुणाची सुट्ट्या पैशांवरून हुज्जत, आणि वर हे आकाश. खांबांच्या माथ्यावर पानं, पक्षी, छोटे प्राणी कोरलेत. त्यातलं पुष्कळसं काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचं आहे.

मग भुयारी मार्गाने रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला या. या भुयाराला इतक्या वाटा फुटतात की रोज येणाऱ्यालाही कधी कधी भलत्याच तोंडाने बाहेर पडायला होतं. पाट्या बघत चला. वर आलात की वळून स्टेशनाकडे बघा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा याचा वास्तुरचनाकार. काम १८७८ ला सुरू झालं, दहा वर्षं चाललं आणि सोळा लाखांवर रुपये लागले. १८८७ हे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचं पन्नासावं वर्ष, म्हणून नाव व्हिक्टोरिया टर्मिनस. १९९६ मध्ये ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ ला त्यात 'महाराज' आलं. बोलताना जुने लोक अजून व्हीटी म्हणतात आणि त्याहून जुने बोरीबंदर. १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला गेलेली देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली ती बोरीबंदरहूनच. तेव्हा ही इमारत मात्र नव्हती.

तीन गोष्टी शोधा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ: सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. घड्याळाच्या खाली एक रिकामा कोनाडा आहे. त्यात राणीचा पुतळा होता, स्वातंत्र्यानंतर तो काढला आणि जागा तशीच सोडली. तिसरी गोष्ट दर्शनी भिंतीवरच्या गोल चौकटीतल्या मुखवट्यांची. रेल्वे कंपनीशी संबंधित मोठ्या असामींचे ते चेहरे. त्यात पगडीवाले दोघे आपले आहेत: जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई. घुमटावरची हातात मशाल घेतलेली बाई म्हणजे 'प्रगती'. २००४ पासून हे स्टेशन जागतिक वारसा यादीत आहे. रोज लाखो माणसं ज्यातून धावत सुटतात असा वारसा जगात दुसरीकडे क्वचितच असेल. तो वापरात आहे म्हणूनच टिकला, असं माझं मत.

महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. तिच्यासमोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे. इथे पाच मिनिटं पुरे.

पोटात काही नसेल तर स्टेशनासमोर 'आराम'चा वडापाव खाऊन घ्या. पुढे बराच वेळ नुसतं चालायचंय.

दुसरा टप्पा: दादाभाई नवरोजी रोड

आता दक्षिणेकडे चालायला लागा. जुना तट साधारण याच अंगाने जात होता. तो पाडून जो रुंद रस्ता झाला तो हॉर्नबी रोड, आजचा डी. एन. रोड. डाव्या हाताला, पूर्वेला, भिंतीच्या आतला भाग. तिकडच्या बोरा बाजाराच्या गल्लीत दोन मिनिटं डोकावून या: अरुंद रस्ता, उंच जुनी घरं, लाकडी सज्जे, हातगाड्या. किल्ल्याच्या आतलं गाव असं होतं. उत्तरेकडच्या भागात पारशी, गुजराती आणि इतर देशी व्यापारी राहत, दक्षिणेकडे गोरे. १८०३ च्या आगीत या उत्तर भागाचा मोठा हिस्सा जळाला आणि त्यानंतर वस्ती तटाबाहेर सरकायला वेग आला. किल्ल्याच्या भिंतीचा एक तुकडा सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात अजून उभा आहे. पण ते चालतं हॉस्पिटल आहे. नुसतं भिंत बघायला आत गर्दी करू नये.

डी. एन. रोडवर परत या. इथलं वैशिष्ट्य पायाखालीच आहे. इमारती वेगवेगळ्या मालकांच्या, वेगवेगळ्या घडणीच्या, पण प्रत्येकीचा तळमजला आत घेऊन पुढे कमानी सोडलेल्या. त्यातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावलीतून चालता येतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने तसा नियमच केला होता. आज या कमानींखाली मोबाइलची कव्हरं, पट्टे, चष्मे विकणारे बसतात आणि वाट अर्धी होते. त्यावर नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. मला स्वतःला फेरीवाल्यांपेक्षा दर्शनी भागावर ठोकलेल्या अवाढव्य पाट्या जास्त खुपत. त्या पाट्या नियमात बसवायचं काम या रस्त्यावर झालं आणि मागची नक्षी परत दिसायला लागली.

चालताना वाच्छा अग्यारी लागेल. दारात माणसाच्या तोंडाचे, पंख असलेले बैल आहेत, प्राचीन इराणी राजवाड्यांत असत तसे. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही, फाटकाबाहेरूनच बघा. पुढे जे. एन. पेटिट वाचनालयाची १८९८ ची इमारत. आणि सिद्धार्थ कॉलेज. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं हे कॉलेज, १९४६ चं. फोर्टाच्या वारसा फेऱ्यांमध्ये कमानी आणि घुमट मोजून घेतात, या कॉलेजपुढून मात्र सरळ निघून जातात. तुम्ही थांबा. कामगार-नोकरदारांच्या पोरांनी नोकरी सांभाळून शिकावं म्हणून इथे सकाळचे वर्ग भरत आले आहेत.

तिसरा टप्पा: हुतात्मा चौक

रस्ता संपतो तिथे फ्लोरा फाउंटन. भिंतीचा पश्चिम दरवाजा, चर्च गेट, याच जागी होता. कारंजं १८६४ चं. रिचर्ड नॉर्मन शॉचा आराखडा, जेम्स फोरसाइथचं कोरीवकाम, दगड इंग्लंडहून आणलेला. माथ्यावर फुलांची रोमन देवता. हे आधी राणीच्या बागेत बसवायचं होतं, पण इथे आलं. २०१९ मध्ये दुरुस्त होऊन त्यातून पुन्हा पाणी उडायला लागलं.

पण मराठी माणसाने या चौकात येऊन फक्त कारंजं बघून जाऊ नये. शेजारी मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत, ते हुतात्मा स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पंधरा जण गेले. पुढच्या काळात आणखी बळी पडले. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि मुंबई त्याची राजधानी झाली. हे शहर ज्या राज्याची राजधानी आहे, त्या राज्याचा जन्म या चौकाशी बांधलेला आहे. हुतात्मे १०५ की १०६ यावर वाद घालण्याऐवजी दगडावर कोरलेली नावं वाचा. परळ-लालबागची, गिरणगावातली आडनावं दिसतील.

मेट्रोने यायचं असेल तर आता मेट्रो तीनचं हुतात्मा चौक स्टेशन इथेच आहे, वाट इथूनही सुरू करता येते. जुन्या पुस्तकांचे विक्रेते चौकाच्या आसपासच्या पदपथांवर बसतात. भाव करा, पण फार ताणू नका.

चौथा टप्पा: भिंतीच्या आत

चौकातून पूर्वेला वीर नरिमन रोड धरा. म्हणजे तुम्ही चर्च गेटातून आत शिरलात. डाव्या हाताला लगेच ते चर्च दिसतं ज्यावरून दरवाज्याला नाव पडलं: सेंट थॉमस कॅथीड्रल. पायाभरणी १६७६ च्या सुमाराची, जेराल्ड ऑन्जियर गव्हर्नर असतानाची. मग काम तसंच पडलं आणि १७१८ च्या नाताळात एकदाचं चर्च उघडलं. मुंबईतल्या इंग्रजी अमलाच्या इमारतींपैकी अजून वापरात असलेल्या सर्वात जुन्यांत ही येते. जुन्या काळी मुंबईतले मैल इथून मोजत. दादर-परळकडे रस्त्याच्या कडेला गाडलेले आकडे कोरलेले दगड सापडतात, ते या चर्चपासूनचं अंतर सांगतात. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबा. आत गेलात की भिंतींवरच्या संगमरवरी स्मृतिशिला वाचा. तिशीही न गाठता हवापाण्याने, आजाराने, लढाईत गेलेले अधिकारी आणि त्यांच्या बायका. साम्राज्याचा हा हिशेब बाहेरच्या इमारतींवर लिहिलेला नाही.

पुढे हॉर्निमन सर्कल. आधी हे नुसतं मैदान होतं, कापसाच्या गासड्या पडलेल्या असत. तट पाडला त्याच दशकात इथे एका मापाच्या, एका घडणीच्या इमारतींचं अर्धवर्तुळ करून मध्ये बाग केली आणि नाव ठेवलं एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर ते 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांच्या नावाने झालं. हा इंग्रज माणूस आपल्या बाजूने लिहीत होता म्हणून सरकारने १९१९ मध्ये त्याला देशाबाहेर काढलं होतं. गव्हर्नरचं नाव पुसून त्याच्या सरकारला नडलेल्या इंग्रजाचं नाव देणं, ही नाव बदलण्याची रीत मला पसंत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला टाउन हॉलसमोरच्या वडाखाली समभागांचे दलाल जमत. त्यातूनच १८७५ ला शेअर बाजाराची संघटना उभी राहिली. दलाल स्ट्रीट इथून चालत काही मिनिटांवर आहे.

सर्कलच्या पूर्वेला टाउन हॉल, १८३३ चा. ही इमारत स्टेशनापेक्षा पन्नासएक वर्षांनी जुनी, आणि ते डोळ्यांना लगेच कळतं. टोकदार कमानी नाहीत, राक्षसांची तोंडं नाहीत. नुसते सरळ, जाड ग्रीक धाटणीचे खांब आणि खाली तीस पायऱ्या. इथे एक ढोबळ खूण सांगून ठेवतो, दिवसभर कामाला येईल: ग्रीक खांब दिसले तर इमारत बहुधा १८५० च्या आधीची, टोकदार कमानी आणि मनोरे दिसले तर १८६५ ते १९००, विजापुरी घुमट आणि जाळ्या दिसल्या तर १९०० ते १९२५, गुळगुळीत सिमेंट, गोलावलेले कोपरे आणि आडव्या पट्ट्या दिसल्या तर १९३० च्या पुढची. अपवाद निघतील, पण बहुतेक वेळा अंदाज चुकत नाही.

टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे. तिचं मूळ १८०४ सालच्या साहित्य मंडळात. दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'ची जुनी हस्तलिखित प्रत हिच्या संग्रहात आहे. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे यांचं नाव या संस्थेशी कायमचं जोडलेलं आहे. कामाच्या दिवशी आलात तर आत नाना शंकरशेटांचा पुतळा बघा आणि वाचनकक्षात थोडा वेळ बसा. रविवारी पायऱ्यांवर बसायला कुणाची ना नाही. पोरंपोरी तेच करतात.

टाउन हॉलच्या मागे मूळ किल्ला, बॉम्बे कॅसल. आता तिथे नौदलाचा तळ आहे, त्यामुळे आत जाता येत नाही आणि फोटोही काढायचे नाहीत. पण तळाचं नाव ऐका: आयएनएस आंग्रे. ज्या कान्होजी आंग्र्यांनी कंपनीच्या जहाजांना सळो की पळो करून सोडलं, ज्यांच्याविरुद्ध गव्हर्नर बूनने मोहिमा काढल्या आणि हात हलवत परत आल्या, त्यांचं नाव आज कंपनीच्या किल्ल्यावर आहे.

जवळच टांकसाळ आणि रिझर्व्ह बँक. तिथेही कॅमेरा खिशात ठेवा.

पाचवा टप्पा: भिंतीबाहेर, ओव्हलकडे

आल्या रस्त्याने हुतात्मा चौकात परत या आणि तसेच पश्चिमेला पुढे जा. ओव्हल मैदान लागलं की डावीकडे वळून कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग धरा. मैदानातून आडवी पायवाट जाते तिच्यावर मधोमध उभे राहा. हीच या फेरीतली सगळ्यात चांगली जागा. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, जुनं सचिवालय, सगळं १८७० च्या दशकातलं. पश्चिमेला एका उंचीच्या गोलसर गच्च्यांच्या, फिकट रंगांच्या इमारती, १९३० च्या दशकातल्या. पूर्वेची रांग बांधली तेव्हा तिच्यासमोर मैदान आणि मैदानापलीकडे समुद्र होता. पुढे बॅकबेमध्ये भराव टाकून जमीन काढली आणि तिच्यावर पश्चिमेची रांग उभी राहिली. चर्चगेट स्टेशनासमोरचं १९३८ चं इरॉस थिएटर त्याच घडणीचं. २०१८ मध्ये या दोन्ही रांगा मिळून जागतिक वारसा यादीत आल्या. सकाळी पश्चिमेची रांग उजळते, संध्याकाळी पूर्वेची.

हायकोर्ट १८७८ चं, कर्नल फुलर यांच्या आराखड्याचं. माथ्यावर न्याय आणि दया यांचे पुतळे. आतल्या खांबांच्या माथ्यांवर एक माकड कोरलेलं आहे: एका डोळ्यावर पट्टी, हातात वाकडा तराजू. एक कोल्हा वकिलाच्या वेशात आहे. बांधकामाच्या पैशांवरून कोर्टात हरलेल्या ठेकेदाराने सूड म्हणून ही चित्रं करवून घेतली, असं सांगतात. खरं-खोटं कोण जाणे, पण माकड आहे.

याच कोर्टात जुलै १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. २२ तारखेला न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि टिळक मंडालेला गेले. गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, दर वर्षाला एक दिवस. ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, हे टिळकांनी तेव्हा काढलेले उद्गार त्या न्यायकक्षाबाहेर संगमरवरावर कोरून लावले आहेत. ज्या कोर्टाने दोषी ठरवलं, त्याच कोर्टाने १९५६ मध्ये ही शिला लावली. कामाच्या दिवशी ओळखपत्र दाखवून, सुरक्षारक्षकांना विचारून आत जाता आलं तर ही शिला आधी बघा, माकड नंतर.

शेजारी राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद या कापूस-समभागांच्या बादशहाने दोन लाख रुपये दिले आणि आईचं नाव लावलं. १८६५ च्या पडझडीत तो स्वतः बुडाला, पण टॉवर १८७८ ला पुरा झाला. उंची २८० फूट. आराखडा सर गिल्बर्ट स्कॉटचा, आणि तो लंडनमध्ये बसून काढलेला. हा गृहस्थ मुंबईला कधी आलाच नाही. वरच्या भागात पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, पागोट्यांच्या तऱ्हा खालूनही ओळखू येतात. दुर्बीण असेल तर इथे काढा. पदवीदान सभागृहाच्या गोल रंगीत खिडकीत बारा राशी आहेत. विद्यापीठाच्या आवारात सहसा सोडत नाहीत, त्यामुळे रस्त्यावरूनच समाधान माना.

सहावा टप्पा: काळा घोडा

विद्यापीठाच्या मागच्या अंगाला वळलात की महात्मा गांधी रोडवर काळा घोडा. गंमत म्हणजे ज्या घोड्यावरून नाव पडलं तो इथे नाही. इंग्लंडच्या युवराजाचा तो अश्वारूढ पुतळा होता, १८७९ चा, डेव्हिड ससूनच्या मुलाने दिलेला. १९६५ मध्ये तो हलवला आणि आता राणीच्या बागेत आहे. २०१७ ला नवा घोडा बसवला, तो बिनस्वाराचा. सुज्ञपणाच केला म्हणायचं.

इथे चार पावलांवर चार इमारती. डेव्हिड ससून वाचनालय, १८७० चं, मागे छोटीशी बाग. त्याच्या बाजूला एल्फिन्स्टन कॉलेज. बाबासाहेब आंबेडकर याच कॉलेजातून बीए झाले. राज्याचं पुराभिलेखागारही इथेच. त्याच रांगेत एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून १८६० च्या दशकाअखेरीस जोडला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली ती याच हॉटेलात. त्या खेळांनी झपाटलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, पुढे स्वतः कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये एक कुस्ती चित्रित केली. आपल्या सिनेमाची नाळ इथे पुरली आहे, आणि इमारतीची दशा बघवत नाही. तिच्या सज्ज्यांखालून जाऊ नका, पलीकडच्या पदपथावरून बघा.

आतल्या गल्लीत निळं सिनेगॉग, १८८४ चं. ओळखपत्र लागतं. त्यानंतर जहांगीर आर्ट गॅलरीत शिरा. प्रवेश मोफत, भिंतीवर जे असेल ते बघा.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मी या फेरीत आतून बघायला सांगत नाही. त्याला स्वतंत्र दिवस द्यायला हवा. बाहेरून मात्र घुमट बघाच: जॉर्ज विटेटने तो विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला. इमारत तयार झाल्यावर आधी पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळ झाली आणि संग्रहालय म्हणून उघडायला १९२२ उजाडलं. आत मधल्या दालनात नाशिकच्या एका वाड्याचं कोरीव लाकूडकाम बसवलंय. स्वतंत्र दिवशी जाल तेव्हा ते चुकवू नका.

सातवा टप्पा: पालवा बंदर

संग्रहालयासमोरच्या चौकात रीगल थिएटर, १९३३ चं. चार्ल्स स्टीव्हन्सने बांधलं. व्हीटी बांधणाऱ्या स्टीव्हन्सचा हा मुलगा. बापाने नक्षीने भिंत भरून टाकली, मुलाने ती साफ गुळगुळीत केली. चौकातलीच पोलीस मुख्यालयाची इमारत बापाची, मूळचं खलाशांचं वसतिगृह. त्रिकोणी माथ्यावर समुद्रदेव कोरलाय तो म्हणूनच. १९२८ पासून इथे मुंबई प्रांताचं आणि नंतर महाराष्ट्राचं विधिमंडळ भरत असे. नरिमन पॉइंटचं विधान भवन होईपर्यंत. राज्याचे सुरुवातीचे कायदे या खलाशांच्या घरात झाले.

इथून गेटवे पाच-सात मिनिटं. सुरक्षा तपासणीची रांग असते. गेटवेही विटेटचाच. पाचवा जॉर्ज १९११ मध्ये उतरला तेव्हा ही कमान नव्हती, पायाचा दगड १९१३ चा आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. दगड मालाडजवळच्या खरोडीचा, पिवळसर बसाल्ट. राजाच्या आगमनाची आठवण म्हणून जी कमान उभारली तिच्यातूनच २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण बाहेर पडली. समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, २६ जानेवारी १९६१ ला बसवलेला.

ताजमहाल हॉटेल गेटवेच्या आधीचं, १९०३ चं. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, वैद्यांच्या निधनानंतर चेंबर्स यांनी काम पुरं केलं. वाटाड्ये इथे सांगतील की हॉटेल चुकून उलटं बांधलं आणि ते बघून वास्तुरचनाकाराने जीव दिला. ऐका आणि सोडून द्या. खोल्यांना समुद्राचा वारा मिळावा आणि घोडागाड्या शहराच्या बाजूने याव्यात, अशी ती सोय होती.

संपल्यावर थकला नसाल तर इथून घारापुरीला लाँच मिळते. लेणी सोमवारी बंद असतात. मांडव्याच्या बोटी पावसाळ्यात थांबतात. परतायला टॅक्सी किंवा बेस्टची बस करा, चर्चगेट आणि सीएसएमटी दोन्ही जवळ आहेत. आणि दुसऱ्या फेरीला कामाच्या दिवशी याल तेव्हा क्रम उलटा ठेवा: आधी हायकोर्ट, मग एशियाटिक, दुपारी जेवायला बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियात बेरी पुलाव, आणि शेवटी चारच्या उन्हात सीएसएमटीचा दर्शनी भाग.